दिल्लीत आपलं काय आहे?

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला दिल्ली नवीन नाही. मुलाखतीला दिल्ली, व्हिसाला दिल्ली, मोठ्या दुखण्याला दिल्ली, परदेशी निघालेल्या भाच्याला विमानतळावर सोडायला दिल्ली. रेल्वेने जेमतेम तीनशे किलोमीटर, चांगली गाडी मिळाली तर चार तासांच्या आत. इतकी जवळ असल्यामुळेच असेल, पण आमच्या घरात दिल्ली निवांतपणे पाहिलेलं कोणीच नव्हतं. आईने तर आजवर दिल्ली पाहिली ती स्टेशन आणि इस्पितळ यांच्या मधली.

कंपनीने घरून काम करायची मुभा दिल्यापासून आम्ही पुन्हा लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरात, राहायला आलो आहोत. फेब्रुवारीच्या शेवटी धुकं सरलं, गाड्या वेळेवर धावू लागल्या, तेव्हा एका शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला आणि निघालो. मी, बायको, आई आणि सहावीतली मुलगी. सोबत आईने केलेल्या दशम्या, चटणी आणि मुरैन्याच्या गजकचा डबा.

आमच्याकडे दिल्लीचा विषय निघाला की तो दोन मिनिटांत महादजी शिंद्यांवर जातो. हे बहुतेक तुमच्याही घरी होत असेल. बादशहाला आपण गादीवर बसवला, दिल्लीवर आपला झेंडा होता, लाल किल्ल्यावर आपला पहारा होता. मुलगी हे लहानपणापासून ऐकत आली आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र तिला पानिपतचा एक परिच्छेद भेटला आणि पुढे थेट इंग्रज आले. त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या तिने विचारलं, “बाबा, मुघलांचा लाल किल्ला आहे, इंग्रजांचं इंडिया गेट आहे. मग दिल्लीत आपलं काय आहे?”

आई म्हणाली, “दाखव आता.” त्यावरून बेत ठरला. शनिवारी सगळे पाहतात ती दिल्ली पाहायची आणि रविवारी आपली शोधायची.

शनिवार : कुतुब ते तालकटोरा

सकाळी मेट्रोच्या पिवळ्या लाइनने कुतुबमिनार स्टेशन गाठलं. स्टेशन आणि मिनार यांत दीडेक किलोमीटर अंतर आहे, ई-रिक्षा सहज मिळते. आठच्या सुमारास पोहोचलात तर गर्दीच्या आधी तासभर मिळतो.

मिनाराची उंची साडेबहात्तर मीटर. काम कुतुबुद्दीन ऐबकाने सुरू केलं, इल्तुतमिशने वरचे मजले चढवले आणि पुढे वीज पडून नुकसान झालं तेव्हा फिरोजशहा तुघलकाने दुरुस्ती करून वरचा भाग नव्याने बांधला. नीट पाहिलं तर खालचे मजले तांबड्या दगडाचे आणि वरच्या मजल्यांत पांढरा संगमरवर, असा हातबदल डोळ्यांना दिसतो. आत ३७९ पायऱ्या आहेत, पण १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरी होऊन शाळकरी मुलं दगावली, तेव्हापासून वर जायला बंदी आहे.

आम्हा इंजिनिअर लोकांचा जीव मात्र शेजारच्या लोहस्तंभात अडकतो. सात मीटरहून थोडा उंच, सहा टनांहून जड, वय सुमारे सोळाशे वर्षं. त्यावरच्या लेखात ‘चंद्र’ नावाचा राजा आहे, तो गुप्त घराण्यातला दुसरा चंद्रगुप्त असं बहुतेक अभ्यासक मानतात. इतक्या पावसाळ्यांनंतरही तो गंजून गेलेला नाही, कारण त्या काळच्या भट्टीत तयार झालेल्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त राहिलं आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर धरला. तोच थर आतल्या लोखंडाला राखतो. पूर्वी लोक त्याला पाठीमागून मिठी मारत, आता भोवती कठडा आहे.

त्याच आवारात अलाउद्दीन खिलजीचा अलाई मिनार आहे. कुतुबच्या दुप्पट उंच करायचा म्हणून सुरू केला आणि पहिल्याच मजल्यावर, सुमारे पंचवीस मीटरवर, थांबला. खिलजी वारला आणि पुढे कोणी हात लावला नाही. हिरवळीवर आणखी एक गंमत आहे. रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मिनार दुरुस्त करताना वर आपल्या आवडीची एक छत्री बसवली होती. ती इतकी विजोड दिसायची की १८४८ मध्ये ती काढून खाली बागेत ठेवली. मुलीला सगळ्या कुतुबमध्ये हीच गोष्ट जास्त आवडली.

मशिदीच्या ओवरीत ती एका खांबाशी थांबली. खांबावर साखळी आणि घंटा कोरलेली. “आजी, हे देवळातलं आहे.” ते खरंच होतं. सत्तावीस देवळांचं सामान वापरून ही मशीद उभारली असं तिथल्याच शिलालेखात लिहिलेलं आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्याचं काढून घेतलं आणि ते दगडावर नोंदवूनही ठेवलं. आईने खांबाला हात लावला आणि पुढे गेली.

दुपारी हुमायूनची कबर पाहिली. ही विधवा बेगमेने नवऱ्यासाठी बांधवून घेतलेली इमारत, १५७० च्या आसपास पुरी झाली, ताजमहालाच्या साठ-सत्तर वर्षं आधी. ग्वाल्हेरकरांनी इथे जाळ्या मुद्दाम पाहाव्यात. तानसेनच्या समाधीला जाताना आपण ज्या मुहम्मद गौसच्या मकबऱ्याच्या जाळ्या पाहतो, त्या साधारण याच काळातल्या. मुलीने लगेच निकाल दिला, “आपल्या जास्त बारीक आहेत.” मला तो मान्य आहे, पण चारबागेतून दिसणारा तो पांढरा घुमट आपल्याकडे नाही. १८५७ च्या सप्टेंबरात शेवटचा बादशहा बहादुरशहा जफर इथेच इंग्रजांच्या हाती लागला. मुघलांची दिल्लीतली पहिली भव्य कबर आणि त्यांच्या राज्याचा शेवट, दोन्ही एकाच आवारात आहेत. आता शेजारी नवं संग्रहालय झालं आहे, आणि पाय दुखू लागले तर पलीकडे सुंदर नर्सरी नावाची मोठी बाग आहे. आईने तिथे चक्क अर्धा तास झोप काढली.

ऊन उतरल्यावर तालकटोरा बाग गाठली. हा आमच्या शोधाचा पहिला मुक्काम, रविवारच्या ऐवजी शनिवारीच केला. १७३७ च्या मार्चमध्ये पहिला बाजीराव मोगली फौजांना चुकवून घोडदौड करत थेट दिल्लीच्या वेशीशी येऊन उभा राहिला. शहरातून जी फौज त्याच्यावर चालून आली तिला याच भागात त्याने पिटाळलं, आणि मोठी मोगल फौज जवळ येते आहे असं कळताच तो आला तसा निघून गेला. शहर जाळायचं मनात होतं, पण मग विचार बदलला, असं त्याने चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात आहे. बादशहाला मराठे दिल्लीपर्यंत येऊ शकतात हे दाखवायचं होतं, ते दाखवून झालं होतं.

बागेत मुलं बॅडमिंटन खेळत होती, बाकांवर म्हातारी माणसं बसली होती. शेजारच्याच तालकटोरा स्टेडियममध्ये २०२५ च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, डॉ. तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. दिल्लीतलं आधीचं संमेलन १९५४ चं, लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असतानाचं. आई म्हणाली, “म्हणजे एकदा घोड्यावरून आलो आणि एकदा पुस्तकं घेऊन.” मुलीने वहीत लिहून घेतलं : तालकटोरा, दोनदा.

रात्री कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात जेवलो. दिवसभर छोले-भटुऱ्यांवर काढल्यावर समोर आलेल्या पिठल्याची किंमत वेगळी सांगायला नको. येताना कर्तव्य पथावरून इंडिया गेट पाहिलं. बडोद्याच्या वाचकांसाठी सांगतो, तिथून जवळच बडोदा हाउस आहे, गायकवाडांसाठी लुटियन्सने आखलेलं. आज त्यात उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे.

रविवार : लाल किल्ला

लाल किल्ल्यासाठी सकाळ राखून ठेवा. जांभळ्या लाइनवर लाल किल्ला नावाचंच स्टेशन आहे. शाहजहानने १६३९ मध्ये पाया घातला आणि १६४८ मध्ये राजधानी इथे आणली. लाहोरी दरवाजातून आत गेलं की छत्ता चौक हा छप्पर असलेला बाजार लागतो, मग नौबतखाना, मग दिवाण-इ-आम, आणि सगळ्यात आत, पूर्वी यमुना वाहायची त्या बाजूला, दिवाण-इ-खास.

इथेच आमची खरी परीक्षा झाली.

दिवाण-इ-खास म्हणजे पांढऱ्या संगमरवराचा चौफेर उघडा मंडप. खांबांवर रंगीत दगडांची फुलं, मधून एके काळी पाण्याचा पाट वाहायचा. मयूरासन इथलं, ते नादिरशहाने १७३९ मध्ये नेलं. आमच्या पुढे एका शाळेची सहल होती आणि त्यांचा गाइड खड्या आवाजात सांगत होता, “छत देखिए. पहले चाँदी का था. मराठे आए और उतार के ले गए.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. “मराठे म्हणजे आपणच ना?”

आता, ही गोष्ट खोटी नाही. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवराव भाऊंनी दिल्ली घेतली. दक्षिणेतून आलेली प्रचंड फौज, सोबत यात्रेकरू आणि बाजारबुणगे, आणि पैशाची सदाची ओढ. दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून वितळवली, तिचे रुपये पाडले आणि त्यातून फौजेचा खर्च भागवला. पाच महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. आज जे छत दिसतं ते लाकडाचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा रंगवलेलं.

आई लगेच म्हणाली, “लुटलं नाही बाळा, पगाराला पैसे नव्हते. माणसं उपाशी होती.”

मुलगी म्हणाली, “पण ते आपलं नव्हतं ना, आजी?”

आमच्या घरात या दोन वाक्यांवर तासभर वाद झाला असता. तिथे गर्दी मागून ढकलत होती म्हणून बाजूच्या हिरवळीवर जाऊन बसलो. मी तिला म्हटलं, दोघींचंही खरं आहे. फौज उपाशी होती हे खरं, आणि छत दुसऱ्याचं होतं हेही खरं. काल कुतुबच्या खांबावरच्या घंटा पाहून आपल्याला जे वाटलं, ते आज या छताखाली कोणाला तरी आपल्याबद्दल वाटू शकतं. दोन्ही गोष्टी एकसारख्या आहेत असं मी म्हणत नाही. पण कोणाचं काढून घेतलेलं मोजायचं असेल तर आपल्या हातचंही मोजावं लागतं.

मग तिला त्याच मंडपाची पुढची गोष्ट सांगितली, जी गाइडने सांगितली नाही आणि जी आपल्याकडे फक्त अर्धी सांगतात.

पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत आले. बादशहा दुसरा शाह आलम तेव्हा अलाहाबादला इंग्रजांच्या आश्रयाला होता. महादजी शिंद्यांच्या आणि इतर मराठा सरदारांच्या बळावर तो १७७२ च्या जानेवारीत आपल्या राजधानीत परतला. पुढे १७८४ मध्ये महादजींनी पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद मिळवलं, म्हणजे बादशहाच्या वतीने सगळा कारभार. इथपर्यंतची गोष्ट आपण छाती पुढे काढून सांगतो.

१७८८ मध्ये मात्र गुलाम कादिर नावाच्या रोहिल्याने किल्ला ताब्यात घेतला, राजघराण्यातल्या बायका-मुलांचे हाल केले आणि म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. महादजी आदल्या वर्षीच्या राजपुतान्यातल्या मोहिमेतून सावरत होते, मदत यायला उशीर झाला. ऑक्टोबरात त्यांची फौज आली आणि कादिर पळाला, पण बादशहाचे डोळे गेले ते गेलेच. त्या फौजेचा सेनापती होता राणेखान. पानिपतावर जखमी होऊन पडलेल्या महादजींना आपल्या बैलावर घालून वाचवणारा हा पखालजी, अशी त्याची कथा सांगतात. महादजी त्याला भाऊ मानत.

“म्हणजे ज्याने महादजींना वाचवलं, त्यानेच बादशहाला सोडवलं?” मुलीने विचारलं. हो. आणि १७९४ मध्ये महादजी गेल्यावर दिल्लीवरचा शिंद्यांचा ताबा आणखी नऊ वर्षं टिकला. ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. लेक या किल्ल्यात आला तेव्हा आंधळा शाह आलम एका फाटक्या चांदव्याखाली बसला होता, असं इंग्रजांनी लिहून ठेवलं आहे. इंग्रज आपल्या सोयीचं लिहिणार हे धरूनसुद्धा, आपल्या राखणीत बादशहाचं फार बरं चाललं होतं असं म्हणता येत नाही.

आईने हे सगळं ऐकून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, “तुझे आजोबा राणेखानाची गोष्ट सांगायचे. छताची नाही सांगितली कधी.”

देऊळ आणि दवाखाना

किल्ल्यातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की चांदणी चौकाच्या तोंडाशीच तांबडं जैन लाल मंदिर दिसतं. त्याला लागून गौरीशंकराचं देऊळ आहे. हे १७६१ मध्ये आपा गंगाधर नावाच्या मराठा शिपायाने बांधलं असं सांगतात. लढाईत जबर जखमी झाल्यावर त्याने शंकराला नवस केला होता, जगलो तर देऊळ बांधीन. १७६१ हे साल आपल्याला वेगळं सांगायला नको. ज्या वर्षी घराघरांतली माणसं पानिपतात संपली, त्याच वर्षाचं हे देऊळ. ना सरदाराचं ना राजाचं, एका जगलेल्या शिपायाचं.

आज त्याचं बांधकाम नव्या संगमरवराचं आहे, जुनेपणाची खूण शोधत बसू नका. पायऱ्यांवर फुलवाले आहेत, आत दिल्लीचे लोक ‘हर हर महादेव’ करत पाणी वाहतात. आईने बेल वाहिला. मुलीने वहीत लिहिलं : आपलं देऊळ. मग खोडून लिहिलं : आपा गंगाधरचं देऊळ, आता सगळ्यांचं.

चांदणी चौकाचा मुख्य रस्ता आता दिवसा गाड्यांना बंद आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसालाही चालता येतं. पराठेवाली गली, साजूक तुपातली जिलबी, आणि हिवाळ्यातच मिळणारी ‘दौलत की चाट’ चुकवू नका. नाव चाट असलं तरी ती गोड असते, दुधाचा नुसता हवेसारखा फेस, वर केशर आणि खवा. आईचा अभिप्राय : “खाल्लं की नाही तेच कळत नाही, पण आणखी एक घ्या.” गुरुद्वारा सीसगंज याच रस्त्यावर आहे, डोकं झाकून आत जा आणि लंगरला बसा.

दुपारी शेवटचा मुक्काम. ऑटोवाल्याला म्हटलं, “हिंदूराव चलोगे?” त्याने आईकडे पाहून काळजीने विचारलं, “अस्पताल? माताजी की तबीयत ठीक है ना?”

हिंदूराव हे दिल्ली महानगरपालिकेचं मोठं रुग्णालय आहे, उत्तरेच्या टेकडीवर, ज्याला दिल्लीकर रिज म्हणतात. पण हिंदूराव म्हणजे कोण, हे विचारा. हिंदूराव घाटगे कागलचे, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंचे भाऊ. म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या महाराजांचे मेहुणे. ग्वाल्हेरच्या राजकारणातून बाहेर पडून ते दिल्लीत स्थायिक झाले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला, त्यानंतर टेकडीवरचं त्याचं घर हिंदूरावांनी विकत घेतलं. ते १८५७ च्या आधीच वारले, पण घराला नाव चिकटलं ते चिकटलं. उठावात इंग्रजांनी टेकडीवर तळ दिला तेव्हा त्यांचा मुख्य मोर्चा याच घरात होता आणि तोफांनी घराची चाळण झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे दवाखाना आला.

जवळच रस्त्याकडेला सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. तो मूळ मेरठचा, फिरोजशहा तुघलकाने इथे आणवला. पुढे स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि १८६७ मध्ये जोडून पुन्हा उभा केला. सांधे अजून स्पष्ट दिसतात. टेकडीवर झाडी आहे, माकडं भरपूर, खायचं हातात धरू नका.

आम्ही दवाखान्याच्या फाटकासमोर दहा मिनिटं उभे होतो. पाहण्यासारखं काही नव्हतं. औषधांची दुकानं, चहाच्या टपऱ्या, कडेवर मूल घेतलेल्या बायका, स्ट्रेचर. ऑटोवाले, बसवाले, पेशंटचे नातलग, सगळे दिवसभर ‘हिंदूराव, हिंदूराव’ म्हणत होते आणि तो एक मराठी माणूस होता हे बहुधा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कागलच्या घाटग्यांचं नाव दिल्लीत रोज हजारो तोंडांतून येतं ते असं, कोणाला तरी बरं करायचं म्हणून. मला सांगायला हरकत नाही, लाल किल्ल्यापेक्षा मला तिथे जास्त आपलं वाटलं.

लष्कर

परतीच्या गाडीत मुलीने वही पुढे केली. यादी अशी होती : तालकटोरा. नसलेलं छत. राणेखान. देऊळ. दवाखाना. खाली एक ओळ रिकामी सोडलेली. “आणखी काही राहिलं का?”

मी तिला विचारलं, आपण राहतो त्या भागाला लष्कर का म्हणतात? तिला तो फक्त पत्त्यातला एक शब्द वाटत होता, जसा पिनकोड. १८०३ च्या शेवटी सुर्जी अंजनगावचा तह झाला आणि दिल्ली, आग्रा, दोआब शिंद्यांच्या हातून गेले. १८१० मध्ये दौलतरावांनी उज्जैनहून आपला मुक्काम ग्वाल्हेरला हलवला, किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेची छावणी पडली. तंबूंची घरं झाली, घरांचे वाडे झाले, बाडा उभा राहिला, बाजार भरला. छावणी उठलीच नाही. तिला लोक लष्करच म्हणत राहिले. त्या फौजेबरोबर कारकून आले, भटजी आले, वैद्य आले, आणि त्यांतल्याच कोणाच्या तरी मागून आपण.

म्हणजे दिल्ली राखणाऱ्यांचा शेवटचा तळ म्हणजे आपला मोहल्ला. रोज भाजी आणायला जातो तो.

तिने रिकामी ओळ भरली. मग झोपली. आई जागी होती. तिला ती चांदी अजून टोचत होती असं वाटलं, कारण आग्रा गेल्यावर ती एकदम म्हणाली, “पण सांगितलंस ते बरं केलंस. बाहेरून कळण्यापेक्षा घरातून कळलेलं बरं.”

आपण महाराष्ट्राबाहेर वाढलेली माणसं. आपल्या मुलांना हा इतिहास शाळेत भेटत नाही, तो आपल्याच तोंडून जातो. म्हणून वाटतं, जाईल तर पुरा जावा. महादजी सांगावेत, राणेखान सांगावा, आणि छतही सांगावं. मुलं तेवढी समजूतदार असतात.

जाणाऱ्यांसाठी थोडं

ऑक्टोबरअखेर ते मार्च हा काळ चांगला, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या रखडतात. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मोठ्यांचं आधीच ऑनलाइन काढा, रांग वाचते. म्हातारी माणसं असतील तर एका दिवसात दोनच मोठी ठिकाणं ठेवा. महाराष्ट्र सदनात जेवायला जाण्याआधी वेळ विचारून घ्या. लाल किल्ल्यात गाइड घ्यायचा असेल तर जरूर घ्या, आणि मुलांना सोबत ठेवा. मग जे ऐकू येईल त्यावर हिरवळीवर बसून बोला, जागा भरपूर आहे.

पानिपत दिल्लीहून साधारण नव्वद किलोमीटरवर आहे. पुढच्या हिवाळ्यात तिकडचा बेत आहे. आई आत्तापासून म्हणते आहे, “तिथे मी येणार, पण गाइड नको.”